नोंद नाही तर बोलणं नाही

कॉम्प्युटरचा काळा पडदा दिसला की माणसं का घाबरतात, हे मला अजूनही कळलेलं नाही. त्यात घाबरण्यासारखं काय हाय? पडद्यावर एक बारकी रेघ लुकलुकत असते, ती तुमची वाट बघत असते. तुम्ही एक शब्द टाइप करायचा, ती एक काम करणार. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, तो उंदीर टेबलावर इकडून तिकडं पळवणं नाही. नांदेडच्या तंत्रनिकेतनात मी कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, तेव्हा पोरं मला म्हणायची, मॅडम, आता सगळं माऊसवर आलं, तुम्ही हे जुनंपानं कशापायी शिकवून राहिल्या? मी म्हणायची, गुमान शिका, कधी ना कधी कामाला येईल. ते कामाला आलं, आणि असं आलं की मी आजही त्याबद्दल छाती पुढं काढून बोलते.

आधी एक सांगायला हवं. मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाली. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःची एक खूण मिळते तिला कॉलसाइन म्हणायचं, आणि मग घरावर तार ताणून जगातल्या कुणाशीही बोलायचं. आमचं घर मूळचं मुखेडचं. मी नांदेडच्या खोलीच्या गच्चीवर तार बांधली तेव्हा आई बघायला आली होती. ती म्हणाली, ह्यावर गाणी लागत न्हाईत, बातम्या लागत न्हाईत, मग लागतं काय? मी म्हटलं, माणसं लागतात. ती म्हणाली, माणसं तर मुखेडच्या बाजारातबी लई हायत. वडिलांनी मात्र काही विचारलं नाही. पोरगी परवानाधारक झाली, कागदावर सरकारचा शिक्का आहे, एवढं त्यांना पुरे होतं. तो कागद त्यांनी आल्यागेल्याला महिनाभर दाखवला.

ही परीक्षा मी पास झाले ती लातूरच्या तारमास्तरांमुळं. जन्मभर त्यांनी तार ऑफिसात काम केलं होतं. कट्ट कडकट्ट ऐकायचं आणि ऐकता ऐकता टाइपरायटरवर तार उतरवायची, असं ते काम. निवृत्त झाले तरी कानातली कडकट्ट काही जाईना, म्हणून ते हॅम झाले. मी परवान्याशिवाय नुसती ऐकत होते तेव्हापासून ते रोज संध्याकाळी शिकणाऱ्यांसाठी हळूहळू मोर्स, म्हणजे ती ठिपक्या-रेघांची कडकट्ट, पाठवायचे, आणि मी नांदेडात वही घेऊन बसायची. आमच्यात प्रत्येकाच्या मोर्सला ‘हात’ म्हणतात. बोलण्याला जसा आवाज असतो तसा मोर्स वाजवायच्या किल्लीला हात असतो, आणि मास्तरांचा हात मी हजारात ओळखला असता. प्रत्यक्ष भेटायला पहिल्यांदा लातूरला गेले, तेव्हा दारात उभ्या माणसानं माझ्या खांद्याच्या पलीकडं बघत हात जोडले. मास्तरांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. संध्याकाळच्या त्या हातात मला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

हॅमला लॉग ठेवावा लागतो. कधी, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, कुणाशी बोललो, आवाज कसा येत होता, समोरचा कुठला, हे सगळं ओळीनं लिहायचं. मास्तरांचे डोळे गेल्यापासून ते काम त्यांची बायको, आमच्या काकू, करत होत्या. काकूंचं शिक्षण सातवी. पण त्या इंग्रजी अक्षरं आणि आकडे शिकल्या आणि मास्तरांच्या बाजूला स्टुलावर बसून ते सांगतील ते लिहू लागल्या. मास्तरांच्या कानाला हेडफोन, तोंडाशी माईक; मध्येच ते माईक बाजूला करून सांगायचे आणि काकू लिहायच्या. सुबक अक्षर, एक खाडाखोड नाही.

आता मास्तरांचा स्वभाव. माझा तापट म्हणतात, पण मास्तरांपुढं मी म्हणजे थंड पाणी. त्यांचा एक नियम होता आणि तो देवानं येऊन सांगितला असता तरी त्यांनी मोडला नसता. तार ऑफिसात जी तार नोंदली नाही ती आलीच नाही, असं त्यांना पहिल्या दिवशी साहेबानं शिकवलं होतं. तेच त्यांनी रेडिओला लावलं. नोंद नाही तर बोलणं नाही. काकू घरात नसल्या तर मास्तर माईकला हात लावत नसत. बोलून घ्या, मागून लिहून घेऊ, असं मी एकदा म्हणून बघितलं. त्यावर त्यांनी मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हे चाललं असतं, पण पाऊस गेला. परभणीतून हिंगोली वेगळी निघून नवा जिल्हा झाला आणि त्यापाठोपाठच्या पावसाळ्यानं आमच्याकडं पाठ फिरवली. लातूरच्या गल्ल्यांत नळ म्हणजे भिंतीला लावलेली शोभेची वस्तू झाली. मास्तरांच्या गल्लीत टँकर यायचा, आणि तो यायचा नेमका सकाळी, नेटच्या वेळी. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी राज्यभरच्या हॅमनी एका फ्रिक्वेन्सीवर जमायचं, एकेकानं हजेरी द्यायची, खुशाली विचारायची. मास्तरांचा दिवस त्या नेटनं सुरू व्हायचा. टँकरचा हॉर्न वाजला की काकू पेन ठेवून घागरी उचलायच्या, आणि मास्तर बोलणं थांबवायचे. रेडिओ चालूच असायचा. ते हेडफोन लावून, हात मांडीवर ठेवून नुसते ऐकत बसायचे. लोक त्यांचं नाव पुकारायचे, मास्तर आहेत का, मास्तर आज दिसत नाहीत, आणि ते ऐकून घ्यायचे. मी हे नांदेडहून ऐकायची आणि माझा जीव तुटायचा.

त्यात नव्या जिल्ह्याची घाई. हॅमला नवा जिल्हा, नवा देश म्हणजे पोराला जत्रा. हिंगोलीत एका शाळामास्तरांना परवाना मिळाला होता आणि नव्या जिल्ह्यातून हवेत, म्हणजे रेडिओवर, आलेले ते पहिलेच. राज्यातला प्रत्येक हॅम त्यांच्याशी बोलून आपल्या लॉगात हिंगोली लिहायला टपलेला. मास्तरांच्या लॉगात बाकी सगळे जिल्हे होते. लातूर उस्मानाबादेतून निघालं त्या वेळची मजा ते सांगायचे, की एका रात्रीत मी न हलता नव्या जिल्ह्यात गेलो. पण हिंगोली त्यांना मिळेना. हिंगोली यायची सकाळी, टँकर यायचा सकाळी.

आणि मग दुष्काळात तेरावा महिना तसा परवान्याच्या नूतनीकरणाचा दिवस आला. परीक्षा घेऊन परवाना देणाऱ्या कचेरीतले साहेब मास्तरांचं रेडिओ स्टेशन तपासायला आले. माणूस काही वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. त्यांनी लॉग उघडला, पानं चाळली आणि विचारलं, हे अक्षर कुणाचं? काकूंनी सांगितलं, माझं. साहेब म्हणाले, बाई, परवाना ह्यांच्या नावावर, अक्षर तुमचं, ह्यांना दिसत नाही, मग हे स्टेशन चालवतं कोण, हे मी वर काय लिहू? त्यांनी पुढच्या महिन्यात परत यायचं सांगितलं. तोवर मास्तरांनी स्वतः ठेवलेला, दुसऱ्याला वाचता येईल असा लॉग दाखवावा, नाहीतर नूतनीकरण अवघड आहे. नियमात हे असंच लिहिलंय की नाही यावर आमच्यात आजही वाद होतात. पण त्या दिवशी मास्तरांचा परवाना टांगणीला लागला, हे खरं.

काकूंनी मला फोनवर हे सांगितलं. शेवटी म्हणाल्या, ह्यांचा रेडिओ गेला तर हा माणूस बसल्या जागी संपंल, बघ पोरी.

मी फोन ठेवला आणि माझं डोकं भणभणायला लागलं. राग साहेबांचा नाही, राग या गोष्टीचा की उत्तर माझ्या नाकासमोर होतं आणि मला ते आधी सुचलं नव्हतं. मास्तर न बघता टाइप करायचे! जन्मभर कानानं तार ऐकून, कीबोर्डकडं न बघता टाइप केलेला माणूस. त्यांना कॉम्प्युटरवर लॉग लिहिता येईल यात शंकाच नव्हती. अडचण एवढीच की लिहिलेलं त्यांना परत वाचता कसं येणार. बोलणारे कॉम्प्युटर तेव्हा कुठं तरी असतील, पण ते नांदेडला नव्हते. आणि बोलायची गरज काय? कॉम्प्युटरच्या डब्यात एक बारका स्पीकर असतो, तो फक्त बीप करतो. मास्तरांना बीप पुरे होता.

आमच्या तंत्रनिकेतनातून एक जुनं यंत्र भंगारात निघालं होतं, ते मी घेतलं. त्यावर नवं काही चालत नव्हतं. काळा पडदा तेवढा चालायचा. मी चार छोटे प्रोग्राम लिहिले. एक नोंद करायचा: मास्तरांनी आज्ञेचं एक अक्षर टाइप करून मग ओळ टाकायची, की यंत्र तीच ओळ मोर्समध्ये वाजवून दाखवणार, बरोबर असेल तर एंटर मारायचं. दुसरा शोधायचा: कॉलसाइन किंवा तारीख टाकली की त्या ओळी एकामागून एक वाजणार. तिसरा मोजायचा: यादीतले किती जिल्हे झाले, किती राहिले. चौथा छापायचा, म्हणजे साहेबाला डोळ्यांनी वाचता येईल असा कागद त्या खडखड करणाऱ्या प्रिंटरमधून बाहेर येणार. चित्र एक नाही, माऊस नाही. पडदा बंद ठेवला तरी काही बिघडत नव्हतं. माऊसवाल्या पोरांना मी त्या आठवड्यात मुद्दाम प्रयोगशाळेत बोलावून ते दाखवलं. खरं सांगायचं तर मिरवलं.

शनिवारी मी ते धूड एसटीच्या टपावर बांधलं. लोहा, अहमदपूर, चाकूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जमीन भेगाळलेली, आणि मी वर बघत की डबा घसरतो का काय. कंडक्टर म्हणाला, टीव्ही का? मी म्हटलं, तारमास्तरांचा कारकून हाय. त्यानं कारकुनाचं वेगळं तिकीट नाही घेतलं.

मास्तर खूश होतील असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्हाला मास्तर कळलेच नाहीत. त्यांनी डब्यावरून हात फिरवला आणि म्हणाले की वीज असते का गावात, हे चालणार कशावर? भारनियमन होतंच. मी भंगारातलाच एक यूपीएस आणला होता, त्याला त्यांच्या रेडिओची जाड बॅटरी जोडून दाखवली. मग म्हणाले, माझ्या वयाला हे खूळ नको. मी म्हटलं, खूळ तर ती कडकट्टसुद्धा होती. मग ते म्हणाले की यंत्राचा हात कसा असेल काय माहीत, मला भिकार हात ऐकवत नाही. खरं घोडं तिथं पेंड खात होतं. मी एक ओळ टाकली आणि एंटर मारलं. यंत्रानं मास्तरांचाच कॉलसाइन वाजवला. मास्तरांनी मान तिरकी केली. पुन्हा वाजव, म्हणाले. पुन्हा वाजवलं. म्हणाले, ठिपका जरा लांबट हाय, आखूड कर. आखूड केला. संध्याकाळपर्यंत मी त्या यंत्राचा हात त्यांच्या पसंतीचा करत बसले. ठिपक्यांवर आणि रेघांवर आमची दोन कडाक्याची भांडणं झाली, त्यात एकदा काकूंनी मध्ये चहा ठेवला म्हणून वाचलो. पण रात्री जेवायच्या आत मास्तर स्वतः नोंद करत होते. बोटं अशी चालत होती की बघत राहावं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

मी नांदेडला आले ती अगदी विजयी मुद्रेनं. आठवडाभर बरं चाललं. मग साहेब यायच्या दोन दिवस आधी प्रयोगशाळेत फोन आला. मास्तर फोनवर होते. हवेतून बोलले असते, पण हवेतलं बोलणं नोंदवावं लागलं असतं आणि हे भांडण त्यांना लॉगात नको होतं.

“तुझं यंत्र माझ्या सकाळी खाऊन राहिलं,” ते म्हणाले. “संध्याकाळच्या ओळी जशाच्या तशा. सकाळची एक सापडत न्हाई.”

साहेब परवा येणार आणि लॉगातल्या सकाळी गायब! दुपारच्या गाडीनं गेले. यंत्रापुढं बसले, फाइल उघडली आणि डोक्याला हात लावला. सकाळी कुठं गेल्या नव्हत्या. माझ्या प्रोग्रामला जी ओळ संशयाची वाटेल ती तो बाजूच्या एका फाइलीत ठेवायचा, आणि मास्तरांची प्रत्येक सकाळ त्याला संशयाची वाटत होती. कारण असं. लॉगात वेळ जागतिक लिहितात, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची. त्यामुळं आपल्या सकाळच्या सगळ्या वेळा शून्यानं सुरू होतात. मोर्समध्ये शून्य म्हणजे पाच लांब रेघा. एवढ्या कोण वाजवणार? म्हणून जुने तारवाले शून्याच्या जागी एकच रेघ देतात, आणि एक रेघ म्हणजे टी हे अक्षर. नऊचंही तसंच, एन देऊन मोकळं व्हायचं. कानांना ते पाठ असतं. मास्तरांची बोटं किल्लीवर जे करायची तेच कीबोर्डवर करत होती. वेळेच्या खान्यात आकड्यांऐवजी टी. प्रोग्रामनं म्हटलं असेल, ही कसली वेळ, आणि ठेवली बाजूला.

मी मास्तरांना सांगितलं, तर ते खुर्चीत ताठ झाले. म्हणाले की शून्य म्हणजे शून्य टाइप करायला मी शिकेन, दोन दिवस आहेत. आवाज मात्र, कुणी आपली चूक दाखवली की माणूस जसा बोलतो, तसा होता. मी म्हटलं, तुम्ही काही शिकायचं नाही. इतक्या वर्षांचा हात बदलायचा, का माझ्या चार ओळी बदलायच्या? वेळेच्या खान्यात टी आला तर तो शून्य समजायचा, एन आला तर नऊ. बाकी खान्यांत अक्षराला अक्षरच ठेवायचं, नाहीतर निम्म्या हॅमच्या कॉलसाइनची वाट लागली असती. दिवे गेले, यूपीएसनं टीट टीट करून आपला वैताग सांगितला, पण ओळी बसल्या. बाजूच्या फाइलीतल्या सकाळी मी परत लॉगात घातल्या. मास्तरांनी शोध दिला आणि सकाळी एकामागून एक वाजायला लागल्या. ते हसले. मास्तर हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

आणखी एक आज्ञा मी त्यांना शिकवली, जिल्ह्यांच्या यादीत नवा जिल्हा घालायची. मी म्हटलं, सरकार जिल्हे फोडत राहील, मी दर वेळी लातूरला यायची नाही. त्यांनी तिथल्या तिथं हिंगोली घातली. लिहून ठेवतो, ते म्हणाले, मिळाली तर मिळाली.

साहेब आले रविवारी सकाळी, नेटच्या आधी. मी मुद्दाम थांबले होते. काकूंनी चहा दिला. साहेबांनी यंत्राकडं बघितलं, छापलेली पानं बघितली, मग मला विचारलं की हे छापलंय कुणी? मी तोंड उघडणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला.

काकू घागरी घेऊन दारापाशी गेल्या आणि थांबल्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. घरात घोटभर पाणी नव्हतं, चहा दिला तो शेवटचा. पण आत साहेब बसलेले, आणि मास्तर काकूंशिवाय कधी माईकला हात लावत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मी गेले तर ह्यांचा परवाना जातो, मी राहिले तर पाणी जातं, असं सगळं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं. साहेबांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी मास्तरांना विचारलं, “आता लिहिणार कोण?”

“मी,” मास्तर म्हणाले. मग दाराकडं तोंड करून म्हणाले, “तू जा.”

काकू गेल्या. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

मास्तरांनी हेडफोनची पिन काढून स्पीकर लावला, साहेबांना ऐकू यावं म्हणून. नेट सुरू झालं. मास्तरांनी हजेरी दिली आणि कोल्हापूर, अकोला, सातारा असं एकेक बोलत गेले. बोलता बोलता उजवा हात कीबोर्डवर, मध्येच यंत्र त्यांना हळूच वाजवून दाखवणार, मास्तर एंटर मारणार. साहेब उठले. त्यांनी पुढं होऊन पडद्याचं बटण बंद केलं आणि परत बसले. मास्तरांना त्याचा पत्ताही लागला नाही, त्यांना पडद्याचं काय? आणि मग स्पीकरमधून एक नवा आवाज आला, जरा बिचकत बोलणारा, आणि त्यानं आपलं गाव हिंगोली सांगितलं.

एकदम दहाजण त्याला हाका मारायला लागले. मास्तरांनी घाई केली नाही. तार ऑफिसात शिकलेला माणूस गर्दीत ओरडत नाही, फट बघतो. सगळ्यांचा श्वास सरला तसा त्यांनी आपला कॉलसाइन एकदाच, स्वच्छ उच्चारला. हिंगोलीनं त्यांना उत्तर दिलं. बोलणं झालं तेवढ्यात ओळ टाइप झाली. यंत्रानं ती वाजवली. मी बघितलं, साहेबांनी खिशातून पेन काढलं होतं आणि बीप ऐकत ते आपल्या कागदावर अक्षरं उतरवत होते. अर्थात. परीक्षेला मोर्स तपासणारा माणूस, त्याला मोर्स येणारच. यंत्र थांबल्यावर त्यांनी पडदा चालू केला, आपला कागद त्याच्याशेजारी धरला आणि ओळ ओळीशी ताडून बघितली. नंतर त्यांनी मागची एक तारीख विचारली, मास्तरांनी शोधून ऐकवली. त्यांनी दुसरी विचारली, तीही ऐकवली. मी एक शब्द बोलले नाही, आणि मला ते किती जड गेलं हे माझ्या घरचेच जाणोत.

“स्टेशन तुम्हीच चालवता,” साहेब म्हणाले. “मी तसं लिहितो.” त्यांनी सही केली, मास्तरांचा हात हातात घेतला आणि गेले. जाताना मला हळूच विचारलं की ठिपका थोडा आखूड आहे का? मी म्हटलं, ते तुम्ही मास्तरांशी बोला.

काकू बऱ्याच वेळानं आल्या, एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. त्यांनी मास्तरांकडं बघितलं नाही. मलाच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काकू, झालं काम, परवाना झाला. त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं आता आनंदानं रडतील. रडल्या, पण बोलल्या ते वेगळंच.

“रोज मी रांगेत भांडते,” त्या म्हणाल्या. “पुढं घुसते. कुणाच्या घागरीला पायबी लावलाय. का, तर घरी हे कानाला लावून मुके बसलेत, लवकर जायचं हाय. आज भांडले न्हाई. एका म्हातारीला पुढं जाऊ दिलं. आन् मग ध्यानात आलं, की आता मला घरी पळत यायचं काही कारणच न्हाई.”

इतके दिवस मी मास्तरांना कुणावर अवलंबून राहू न देण्याच्या खटपटीत होते, आणि ते बरोबरच होतं, आजही मी तेच करीन. पण ज्या बाईनं आपली सगळी सकाळ त्या स्टुलाला बांधून घेतली होती, तिच्या हातातलं पेन मी काढून घेतलं होतं आणि बदल्यात काही दिलं नव्हतं.

मास्तर खुर्चीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे कान कसले, तुम्हाला सांगितलंच. ते हातानं चाचपत स्टूल शोधू लागले, सापडलं तसं खुर्चीजवळ ओढलं.

“ये, बस,” ते म्हणाले.

“कशाला? लिहायचं काय राहिलं आता?”

“लिहायला न्हाई बोलवत.”

काकू पदरानं तोंड पुसून आत गेल्या आणि बसल्या. मास्तरांनी हेडफोनची पिन परत लावली आणि हेडफोन हातात धरून काकूंकडं पुढं केले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढे दिवस हेडफोन मास्तरांच्या कानावर असायचे. काकूंनी पानंच्या पानं माणसं लिहिली होती, पण त्यातल्या एकाचाही आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

नेट संपलं होतं, पण सुटीचा दिवस, दोघं-तिघं अजून गप्पा मारत होते. काकूंनी ओल्या हातांनी हेडफोन कानाला लावले आणि कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या. मग त्यांनी एका कानावरचा हेडफोन जरासा उचलून मास्तरांना विचारलं, हे कोण बोलून राहिलंय? मास्तरांनी दुसऱ्या बाजूनं कान लावला. कोल्हापूर, ते म्हणाले.

“ह्यांना तर मी रोज लिहायची,” काकू म्हणाल्या. “मला वाटायचं, तरणं पोरगं असंल. हे तर तुमच्यासारखं म्हातारं हाय.”

त्या हेडफोनला एक कान काकूंचा, एक मास्तरांचा, असे ते दोघं डोकं डोक्याला लावून बसले. मी घागरी उचलून आत नेल्या आणि पाणी गाळून माठात भरलं.